मेंदूची हजेरी

मी दवाखान्यात कारकून आहे. माझ्या टेबलाशेजारच्या खोलीत लेकरांचे कान तपासतात. लेकरू झोपवायचं, डोक्याला वायरी चिकटवायच्या, कानात टकटक सोडायची आणि मेंदू त्याला काय उत्तर देतो ते पडद्यावर बघायचं. हे करणारा गृहस्थ दिवसभर कुजबुजतो. चहाच्या टपरीवरही कुजबुजतो, त्यामुळे नुसतं "साखर कमी" म्हणाला तरी चार माणसं कान पुढं करतात. माझ्या स्टेपलरशी त्याचं वैर आहे. "हळू मारा की साहेब, लेकरू झोपायलंय." पडद्यावर लाट उठली की दारातून मला सांगणार, "मेंदूनं हजेरी लावली." जसा काही मी हजेरीपटच उघडून बसलोय.

परवा बोरी गावची दीड वर्षाची एक पोरगी आली. हा गडी कानातला आवाज वाढवत गेला, तरी पडद्यावरची रेघ सपाटच. शेवटी या कुजबुज्यानं तिच्या कानाशी खाडकन टाळी वाजवली. बाहेर बाकावर पेंगणारा तिचा आजोबा दचकून उठला, "काय पडलं रं?" पोरगी झोपलेलीच.

त्यानं एकेक वायर काढली आणि तिच्या आईला सांगायला लागला, कुजबुजतच. मीही हातातला स्टेपलर आवाज न करता खाली ठेवला.