बंद इंजिनवर उतरलेला दिवे घाट

हे आत्ताच्या आत्ता टाईप करायलाच हवं. दुपारी चुलत बहिणीच्या साखरपुड्यात आप्पांनी ही गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगितली आणि पन्नास माणसं जिलेबी खाता खाता माझ्याकडे बघून हसली. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं व्हर्जन एका वाक्याचं आहे: "पोरीनं नवा ब्रेक बसवला, आन् पयल्याच फेरीला ब्रेक लागायचा बंद झाला." बस्स. पुढे काही नाही, मागे काही नाही. तर आता मागचं आणि पुढचं मी सांगते.

आम्ही मांजरीचे. ऊस होता, मग निम्मी जमीन सोसायट्यांखाली गेली. उरला थोडा ऊस आणि एक पिकअप, जी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. आप्पा तिच्यावर भाडी मारतात. हंगामात सासवडला सीताफळं भरायची, दिवे घाट उतरायचा, मार्केट यार्डात टाकायची. जमिनीचे पैसे आले तेव्हा या पिकअपचं नशीबही उघडलं. सात सुरांचा हॉर्न आला. निळे लाईट आले. मागच्या फळीवर कुलदैवताचं नाव आलं, रेडियममध्ये. केबिनमध्ये इतके मोठे स्पीकर आले की शेजारी बसणाऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच. चारही चाकांना ड्रम, आणि जोर द्यायला बूस्टर वगैरे काही नाही, फक्त आप्पांचा पाय, तोही दुखऱ्या गुडघ्याचा. पेडल पहिल्यांदा दाबलं की काही होत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की गाडीला कळतं की मालकाचं काहीतरी म्हणणं आहे. तिसऱ्यांदा आप्पा सीटवरून अर्धे उठून पेडलवर उभे राहतात, तेव्हा ती त्यावर विचार करायला लागते.

"ब्रेक हाय की," आप्पा म्हणायचे. "मारता आला पायजे."

हे सगळं हडपसरला बैलगाड्या असताना ठीक होतं. बैल अचानक थांबत नाही. आता पुढे असतात कंपन्यांच्या कॅब, आणि त्यांना रस्त्याच्या मधोमध माणूस उतरवायची घाई असते.

एका सकाळी मी आमच्या ऑफिसच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसले होते. बस सिग्नलला थांबली. मागच्या काचेतून निळे लाईट दिसले, दिवसाढवळ्या चालू. मग दिसले आप्पा, स्टिअरिंगच्या वर, उभे. उभ्या माणसाला गाडी चालवताना तुम्ही कधी समोरून बघितलंय का, मला माहीत नाही. चेहऱ्यावर भीती नव्हती. वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. पिकअप बसच्या बंपरला येऊन टेकली. अगदी हळू, धक्का असा नाहीच. पण बसमधले सगळे मागे वळले आणि माझ्या टीममधला एक जण म्हणाला, "अरे, हे खटारे अजून रस्त्यावर सोडतात?" सगळे हसले. मीही थोडं हसले. हो, हसले. आप्पांनी मला बघितलं. त्यांनी लगेच मान फिरवली आणि आरशात काहीतरी नीट करायला लागले, म्हणजे मला ओळख दाखवावी लागू नये.

त्याच दुपारी मी फोरम वाचायला बसले. काम सोडून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, बसलेली दिसले की लोकांना काम चाललंय असं वाटतं. जगभरातले लोक जुन्या पिकअपना नवीन ब्रेक बसवतात आणि त्यावर फोटोंसकट लिहितात हे मला तेव्हा कळलं. पुढे डिस्क टाका, मोठा मास्टर सिलेंडर टाका, व्हॅक्यूम बूस्टर टाका. मी प्रिंटआऊट काढले. रंगीत.

मग नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे एक गृहस्थ पेपर वाचत होते.

"काका, या पिकअपला बसेल असा बूस्टर आहे का?"

"गाडी चालवतं कोण?"

"वडील."

"मग वडिलांना पाठवा."

"ते आले तर बूस्टर न घेता जुन्या ड्रमचेच लायनर घेऊन जातील."

"मग लायनरच न्या. वडील शहाणे आहेत." त्यांनी पान उलटलं. मी प्रिंटआऊट पुढे केला. त्यांनी तो चष्म्याखालून, चष्म्यावरून, दोन्हीकडून बघितला. "छान आहे. फ्रेम करा. कागदाला ब्रेक लागत नाही. जुना पार्ट आणा, माप बघतो."

जुना पार्ट आणला. त्यांनी माप बघितलं आणि त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा सगळा सेट एका खोक्यात भरून दिला, एक शब्द जास्त न बोलता. चांगला माल होता. तेवढं मान्य करावं लागेल.

आप्पांनी काही न विचारता गाडी दिली, आणि हडपसरच्या मेकॅनिकने दोन दिवस घेतले. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती, तेव्हा मी पेडल मारत होते आणि तो चाकाखाली पडून ओरडत होता, "दाबा मॅडम. धरा. सोडा. सोडा म्हटलं की सोडा हो, विचार करू नका." संपल्यावर त्याने मला चक्कर मारायला लावली. पायाच्या अंगठ्याने ब्रेक लागला. मी अक्षरशः दोन फेऱ्या जास्त मारल्या.

घरी जेवताना मी आप्पांना सगळं समजावलं. ताट म्हणजे बूस्टर, वाटी म्हणजे पंप. इंजिन फिरतं, पंप हवा ओढतो, त्या ओढीने पेडलला जोर मिळतो, म्हणून तुमचा गुडघा वाचतो. मी नऊ वाजता सुरू केलं आणि आमटी गार होईपर्यंत बोलत होते. आप्पा हं हं करत होते. आई म्हणाली, "वाटी सोड, त्यात आमटी वाढायचीय."

सकाळी पूजा. चार चाकांखाली चार लिंबं. आप्पा हळदकुंकू घेऊन डिस्ककडे निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. "डिस्कला नको, पॅड घसरतील."

"कुंकवानं घसरतो? मग कसला ह्यो ब्रेक."

"आप्पा, मी इंजिनिअर आहे."

"हाय की. कोण न्हाई म्हणतंय."

सासवडला जाताना ते खूष होते. दाखवत नव्हते, पण दर दोन मिनिटांनी उगाचच ब्रेक लावून बघत होते. मागचे मोटारसायकलवाले शिव्या घालत होते. सीताफळांचे क्रेट भरले, वर ताडपत्री बांधली, परत निघालो. घाट सुरू झाला. पहिल्या उतारालाच आप्पांनी हात डॅशबोर्डखाली घालून स्टॉपची तार ओढली.

जुन्या डिझेल गाडीचं इंजिन किल्लीने बंद होत नाही, ती तार ओढून बंद होतं. तार ओढली, गाडी न्यूट्रल केली, आणि इंजिन गप्प. मग फक्त टायरचा आवाज आणि वारा. आमच्याकडचे सगळे असेच घाट उतरतात. देवाने उतार दिलाय, तिथे डिझेल कशाला जाळायचं. मी लहानपणापासून त्या शेजारच्या सीटवर बसून असाच घाट उतरलेय, आणि इंजिन गप्प झालं की मला छान वाटायचं. आताही वाटलं. मी खिडकीतून हात बाहेर काढला. माझ्या डोक्यात ताट, वाटी, इंजिन फिरतं, पंप ओढतो, सगळं होतं, आणि तरीही मी हात बाहेर काढून बसले होते. याला टेस्टर म्हणतात. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते मी.

पहिल्या वळणाला ब्रेक छान लागला. दुसऱ्याला जरा कमी. बंद इंजिनवर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच ओढ शिल्लक असते. तिसऱ्या वळणाआधी आप्पांनी पेडल दाबलं आणि पेडल हललंच नाही. दगड. जुना निदान तिसऱ्या दाबाला ऐकायचा, हा तर पायच घेईना. आप्पा सवयीने उभे राहिले. एक टेम्पो समोरून वर येत होता, आणि आमच्या मागे सीताफळांचं सगळं वजन आम्हाला ढकलत होतं.

तेव्हा मला संगती लागली. सगळी एकदम.

"आप्पा, गिअर टाका. स्टॉप आत."

आप्पांनी एकाच दमात सगळं केलं: स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला, एका हाताने तिसरा गिअर, असा खरडून की माझे दात दुखले, मग क्लच सोडला. गाडीने झटक्यात मान खाली घातली. मी तार आत ढकलली. इंजिन धडधडत उठलं, दोन क्षण काही नाही, आणि मग पेडल खाली गेलं. आम्ही डोंगराकडच्या गटारात डावं चाक घालून थांबलो. मागून तीन क्रेट केबिनच्या टपावर आदळले, आणि सीताफळांचा गर काचेवरून ओघळायला लागला. वर येणारा टेम्पोवाला थांबून म्हणाला, "काका, वायपर मारा," आणि गेला.

आप्पांनी वायपर मारला. इंजिन चालू होतं.

"बंद गाडीला ह्यो चालत न्हाई," आप्पा म्हणाले.

"नाही चालत."

"तुला ठावं होतं?"

"हो."

"आन् मी घाटात बंद करतो, ते बी ठावं होतं."

"हो."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटलं तू शिकल्याली, तू इचार केला आसंल. म्हणून मी इचारलं न्हाई."

फोरमवर हे लिहिलेलं नव्हतं, कारण तिथल्या लोकांच्या स्वप्नातही येत नाही की कुणी भरलेली गाडी इंजिन बंद करून डोंगरावरून सोडेल. पण मला स्वप्नात यायची गरज नव्हती. मी त्या सीटवर वाढलेय. जगभरातल्या अनोळखी माणसांनी त्यांच्या गाड्यांबद्दल काय लिहिलंय ते मी पानंच्या पानं वाचलं, आणि ज्यांच्या पायासाठी हे चाललं होतं त्यांना "तुम्ही घाट कसा उतरता?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

नवे ब्रेक राहिले. आप्पांचा गुडघा आता बरा आहे, हे ते साखरपुड्यात सांगत नाहीत. घाटात इंजिन चालू ठेवतात आणि दर वळणाला पुटपुटतात, "पाज घाटाला डिझेल." त्या दिवशी त्या गटाराशेजारीच बसून त्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं, ताट-वाटीशिवाय, आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारले. पंपाचा पट्टा तुटला तर? गाडी उतारावर आपोआप बंद पडली तर? पाण्यातून गेली तर? निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. मी वही काढली आणि लिहून घ्यायला लागले.

तुमच्याकडे झालंय का असं? घरच्यांचं भलं करायला तुम्ही काहीतरी नवीन घेऊन आलात, रात्रभर समजावलंत, आणि ते आधी कसं करत होते हे विचारायचंच राहून गेलं? झालं असेल तर खरं सांगा, तुमच्याकडे कोण चिडलं आणि कोण गप्प बसलं?