साडूच्या गळ्यातला मीटर

केडगावात पुणे रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट, येईल ते काम करतो. माझा साडू, म्हणजे मेहुणीचा नवरा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि फोटो काढणं हा त्याचा छंद आहे. ज्यावर माझं घर चालतं, ते त्याचं सुट्टीतलं खेळणं. माझं डोकं फिरायला एवढंच पुरतं.

त्याच्या गळ्यात दोरीला एक लाइट मीटर लटकत असतो. हातात मावेल एवढा, वर पांढरा अर्धा चेंडू बसवल्यासारखा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या हनुवटीखाली तो धरायचा, पांढरा भाग कॅमेऱ्याकडे करायचा, बटण दाबायचं आणि फ्लॅश उडवायचा. मीटर एक आकडा दाखवतो, उजेड जास्त तर आकडा मोठा. कॅमेऱ्यावर तो आकडा लावला की फोटो बरोबर येतो. साडू मग कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नाही. मी मात्र फ्लॅश अंदाजाने लावतो, एक फोटो काढतो, स्क्रीनवर बघतो, चेहरे पांढरेफटक दिसले तर कमी करतो आणि पुन्हा काढतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने नाव ठेवलेलं नाही. पण तो न बघता पुढच्या फोटोला लागतो ना, ते माझ्या डोळ्यांत खुपतं. माणसाने स्वतःवर एवढा भरवसा ठेवूच कसा?

"अहो, तुम्हीपण घ्या की तसला एक," बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. ती अगदी सहज म्हणाली असेल, पण माझ्या पोटात दुखलं. मी दुसऱ्याच दिवशी मीटर मागवला. साडूचा मीटर बटण दाबलं की स्वतःच फ्लॅश उडवतो. माझा साधा होता. बटण दाबलं की तो फ्लॅशची वाट बघत बसायचा, आणि फ्लॅश मी खिशातल्या रिमोटने उडवायचा.

गेल्या अधिक महिन्यात आम्हा दोघा जावयांना श्रीगोंद्याला धोंड्याचं जेवण होतं. सासऱ्यांचा ऊस आहे, घर नवं स्लॅबचं आहे, आणि नुकताच रंग दिल्यामुळे हॉलची मोठी भिंत मोकळी होती. त्या भिंतीवर आधी मी काढलेला घरच्यांचा फोटो होता. ओल लागून तो खराब झाला होता. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "पाव्हणं, तुमी दोगं बी फोटू काडा. ज्यो ब्येस येईल त्यो मोटा करून हितं लावू."

हे त्या प्रेमाने बोलल्या. मला मात्र ती परीक्षाच वाटली. ती भिंत माझी होती. ती एका हौशी माणसाच्या ताब्यात द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

हॉलमध्ये त्याने डाव्या बाजूला स्टँडवर छत्री लावून फ्लॅश उभा केला, मी उजव्या बाजूला. सासू-सासरे खुर्च्यांवर बसले, मेहुणा आणि त्याची बायको मागे, दोघी बहिणी कडेला. मी पुढे झालो, सासूबाईंच्या हनुवटीखाली मीटर धरला आणि बटण दाबलं. खिशातला रिमोट दाबायला आणि लख्ख उजेड पडायला एकच गाठ पडली. मीटरवर अकरा आकडा आला. आपला फ्लॅश एवढा जोरदार आहे हे बघून मला बरं वाटलं. मी अकरा लावला, कॅमेऱ्याची स्क्रीन मुद्दाम बंद केली आणि भराभर फोटो काढले. एकदाही मागे बघितलं नाही. बायकोचं माझ्याकडे लक्ष आहे, हे मला कळत होतं. मी मान जरा जास्तच ताठ ठेवली होती.

"दावा की," सासूबाई म्हणाल्या.

स्क्रीन चालू केली तर सगळं घर अंधारात बसलेलं. सासऱ्यांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, लाइट गेल्ती का काय?"

साडू जवळ आला. त्याने माझा मीटर बघितला, दोन्ही छत्र्यांकडे बघितलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. "दादा, तुम्ही बटण दाबलं आणि नेमका मी माझा फ्लॅश टेस्ट केला. तुमच्या मीटरने माझाच उजेड मोजला. चूक माझीच, मी सांगून उडवायला हवा होता."

त्याने चूक स्वतःवर घेतली, हे तर मला आणखीच झोंबलं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याचा उजेड माझ्या उजेडाच्या कितीतरी पट होता, आणि मी त्याच्या उजेडावर माझा कॅमेरा लावून बसलो होतो. घरी कॉम्प्युटरवर फोटो थोडे उजळता आले असते, पण सगळ्यांनी ते बघितले होते. मेहुणी तोंडावर पदर धरून हसत होती.

"आता जावई बी घ्या फोटूत," सासरे म्हणाले. साडूने आपला कॅमेरा स्टँडवर लावला आणि मला मेहुण्याच्या शेजारी उभं केलं. मग तो माझ्यासमोर आला. "दादा, हनुवटी जरा वर." तो पांढरा अर्धा चेंडू माझ्या गळ्याशी आला, फ्लॅश उडाला, त्याने आकडा वाचला आणि मान डोलावली. आयुष्यभर मी लोकांना हनुवट्या वर करायला सांगत आलो, आणि आज माझी वर होती. त्याने टायमर लावला, पळत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, आणि फोटो निघाला. अर्थातच त्याने स्क्रीन बघितली नाही.

तो फोटो आता त्या भिंतीवर आहे, चांगला हातभर रुंद. मी त्यात खोट काढायचा खूप प्रयत्न केला. मेहुणा थोडा कडेला गेलाय, पण ते सांगून उपयोग नाही, कारण उजेड अप्रतिम आहे. सासऱ्यांच्या मिशीचा केस न् केस दिसतो, बायको तर माझ्या कुठल्याच फोटोत आली नाही इतकी छान आली आहे. सगळे समोर बघताहेत. फक्त मी समोर बघत नाही. माझी मान तिरकी आहे आणि नजर साडूच्या छातीवर, त्या लटकणाऱ्या मीटरवर आहे. माझ्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा स्वच्छ दिसतं.

मागच्या महिन्यात श्रीगोंद्याला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या बाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. फोटोजवळ जाऊन त्यांनी बघितलं आणि विचारलं, "थोरलं जावई कुटं बघत्यात वं?"

सासूबाईंचा चेहरा फुलला. "आवं, त्येंचा धाकल्यावर लई जीव हाय," त्या म्हणाल्या. "फोटू काडतानी बी त्येच्यावरची नजर हालंना."

बायको हातातलं कुंकू तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "व्हय, लई जीव हाय."