शेखसाहेबांचा ५.९

"तुमच्या लॅबमध्ये एकाच माणसाचं रक्त दोन माणसांसारखं वागतंय," डॉ. लिमये फोनवर म्हणाले. "उपाशीपोटी साखर १७२, जेवणानंतर २५८ आणि एचबीएवनसी ५.९. एक आकडा म्हणतो गोळी वाढवा, दुसरा म्हणतो एक बंद करा. पेशंट बंद करण्याच्या बाजूचा आहे आणि संध्याकाळी येतोय. मी कोणाचं ऐकू?"

पेशंट म्हणजे कात्रजचे शेखसाहेब. फोटोफ्रेमचं दुकान, मधुमेह जुना. हल्ली तळपायांची आग होत होती. साखरेने नसांना धरल्याची शंका असताना गोळी कमी करणं म्हणजे पायांशी खेळ.

कर्वेनगरच्या आमच्या लॅबमध्ये क्वालिटीचं काम मी बघतो. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. जुन्या मधुमेह्याला ५.९ म्हणजे उत्तमच.

पहिली शंका अदलाबदलीची. बारकोड जुळला. दुसरी मशीनची. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं रक्त आम्ही रोज सकाळी मशीनला देतो. त्याला 'कंट्रोल' म्हणतात. तोही बरोबर होता. काहींचं हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळं असतं आणि मशीन फसतं, पण यांचा ग्राफ स्वच्छ होता. शेवटी शेखसाहेबांना बोलावून ताजा नमुना घेतला. पुन्हा ५.९.

"आता तरी पटलं? एक गोळी कमी करायला सांगा त्यांना," ते म्हणाले.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. मूळव्याध? कुठून रक्तस्राव? रक्त चढवलं होतं का?

"चढवायचं कशाला? मी देणाऱ्यातला आहे."

गट ओ निगेटिव्ह. ब्लड बँकेचा फोन आला की ते जायचे. दर तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षं. गोळ्यांवर असलेल्याला रक्त देता येतं, हे त्यांनी तिथे विचारून घेतलं होतं. डॉ. लिमयांना मात्र विचारलं नव्हतं.

"ते नको म्हणाले असते. मग विचारा कशाला?"

रक्त दिलं की शरीर नव्या पेशी बनवतं. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. सरासरी खाली येते, साखर येत नाही. ५.९ हा आकडा खरा होता, पण त्यांच्या साखरेबद्दल तो काही सांगत नव्हता.

त्याच नमुन्यावर फ्रुक्टोसामाइन केलं. ही टेस्ट रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते. तिला लाल पेशींशी देणंघेणं नाही. ती बरीच जास्त आली. मी लगेच डॉक्टरांना कळवलं.

संध्याकाळी गोळी वाढली. साखर ताब्यात येईपर्यंत रक्तदान बंद. शेखसाहेबांना गोळीचं काही वाटलं नाही, रक्तदानाचं वाईट वाटलं. आता ब्लड बँकेचा फोन आला की धाकटा मुलगा जातो. त्याचाही गट तोच. पायांची आग बरीच कमी आहे, असं ते परवा लॅबने करायला दिलेली फ्रेम द्यायला आले तेव्हा म्हणाले.

आमच्या काउंटरवर आता रक्त चढवलं का, याबरोबर दिलं का, हेही विचारतात. हे शेखसाहेबांमुळे. आणि डॉ. लिमयांचा मी ऋणी आहे. वाईट आकडा आला की सगळेच लॅबला फोन करतात. चांगल्या आकड्यावर तक्रार करणारे डॉक्टर मला आजवर ते एकटेच भेटलेत.