तेल साडेतीन अंशांवर हलतं

विभागात तिला सगळे टाकीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं. एकोणीस वर्षं तिने काचेची एक उथळ टाकी सांभाळली होती. टाकीत करंगळीएवढ्या जाडीचा घट्ट तेलाचा थर, खाली तापणारा तांब्याचा पत्रा, वर पाण्याने गार ठेवलेली काच. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक लाखो वर्षांत जसा सरकतो, तसं ते तेल एका दुपारीत सरकून दाखवायचं. खालच्या-वरच्या तापमानात साडेतीन अंशांहून कमी फरक असला, तर तेल ढिम्म. साडेतीन ओलांडले, की त्यात मिसळलेली चंदेरी पूड हळूच रांगा धरू लागे. तिने हे चारशे वेळा पाहिलं होतं आणि चारशे वेळा वहीत लिहिलं होतं.

मग फर्मान निघालं, टाकी बंद. यापुढे सगळं संगणकावर.

"तुमची बदली भांडारात," विभागप्रमुख म्हणाले.

"तिथे काय झुरळं मोजू? संगणकावर बसवा मला. या तेलाला माझ्याइतकं कोण ओळखतं इथे?"

"बाई, तुमचं शिक्षण बारावी."

"तेलाने कधी विचारलं नाही, साहेब."

साहेबांना हसू आलं आणि त्या हसण्याच्या भरात त्यांनी तीन महिने देऊन टाकले. जमलं तर खुर्ची, नाही तर भांडार.

घरी तिचा शिंपी नवरा तोंडातला दोरा काढून म्हणाला, "चाळिशी लागली आणि आता धुळाक्षरं गिरवणार?"

"तुम्ही चाळिशी लावूनच सुई ओवता ना? मग तुमचं ते तुम्ही ओवा, माझं मी ओवते."

शिकवायला एक तरुण संशोधक होता, चष्मेवाला. हुशार, पण घाईचा. त्याने पहिल्या दिवशी कागदावर चौकोन आखला आणि त्याचे बारीक खण पाडले. "हा तुमचा तेलाचा थर. प्रत्येक खणात तेल किती गरम, किती वेगात, हे या क्षणी माहीत आहे. त्यावरून पुढचा क्षण काढायचा. मग त्याच्या पुढचा. अंदाज नाही, ठोकताळा नाही. भोवरा कितीही बारीक असो, तो सरळ गणितातूनच यायला हवा. या पद्धतीचा धर्मच तो."

हा धर्म तिला मनापासून पटला. टाकीतही तिने कधी अंदाज लिहिला नव्हता. ती एकेक आज्ञा वहीत उतरवून घेई आणि बोटाने हळूहळू टंकत बसे. एक स्वल्पविराम चुकला की सगळं अडे. शेजारचे हसत. ती म्हणे, "हसा. पहिल्या वर्षी मी टाकीही फोडली होती."

दुसऱ्या महिन्यात तिचं गणित चालायला लागलं. मग साहेबांना अहवालासाठी जोरदार आचेचं चित्र हवं झालं. तिने आच वाढवली आणि गणित फुटलं. आकडे फुगत फुगत गेले, शेवटी पडद्यावर आकडाच उरला नाही.

चष्मेवाला आला, दोन ओळी घातल्या, आणि गणित लोण्यासारखं चाललं. "शेजारच्या खणांतली उष्णता जरा सारवून सारखी करून टाकली. सगळेच करतात."

चित्र देखणं आलं. साहेब खूश झाले. पण टाकीबाईने तेच गणित मंद आचेवर चालवलं, तिच्या ओळखीच्या आचेवर. साडेतीनला तेल हललं नाही. चारला नाही. हललं ते पाचला.

"हे आपलं तेल नाही," ती म्हणाली.

चष्म्याआडून उत्तर आलं, "तुमचा तापमापक जुना झाला असेल."

आठवड्याने अहवालाचा मसुदा फिरला. त्यात एक ओळ होती: जुन्या टाकीच्या नोंदी भरवशाच्या नाहीत.

ती तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली. दार वाजवायचंही भान राहिलं नाही. "दर महिन्याला बर्फाच्या पाण्यात तापमापक तपासलाय मी. माझी एकोणीस वर्षं खोटी, आणि सारवलेल्या दोन ओळी खऱ्या?"

"बाई, अहवाल पंधरा दिवसांत जायचाय."

"मग पंधरा दिवस माझे. आकडा चुकला तर मी आपल्या पायांनी भांडारात जाते. ही ओळ मात्र तोवर अहवालात जाणार नाही."

तिने सारवण पुसून टाकलं. आधी गणित का फुटलं, ते तिला आता दिसत होतं. तेलातून वर चढणारे गरम दोरे खणांहून बारीक होते, मोठ्या भोकाच्या चाळणीतून रवा निसटावा तसे ते निसटत होते. शिवाय एका क्षणावरून पुढच्या क्षणावरची उडी लांब पडत होती. तिने खण निम्मे केले, मग पुन्हा निम्मे. उडी आखूड केली. जोरदार आचेवरही गणित फुटलं नाही. मग मंद आच. काठावरच्या आचेला तेल निर्णय घ्यायलाच वेळ लावतं. संगणक दिवसामागून दिवस घरघरत राहिला. "मुंगी मेरू पर्वत ओलांडतेय," कुणीतरी बोललं. "ओलांडतेय ना? मग वाट सोडा," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी साडेतीनच्या जरा खाली तेल निजलेलं होतं, जरा वर त्याने रांगा धरल्या.

"योगायोग," चष्मेवाला पुटपुटला.

तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बसा. खण तुम्ही आणखी बारीक करा, तुमच्या हाताने. माझा हात लागायला नको. आकडा हलला तर योगायोग."

त्याने केले. तीन दिवस गेले. आकडा जागचा हलला नाही. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि तो म्हणाला, "टाकीबाई, त्या दोन ओळी माझ्या प्रबंधातही आहेत."

"मग तिथलंही पुसा," ती म्हणाली. आवाजात दया नव्हती, पण रागही नव्हता.

पंधराव्या दिवशी तिने साहेबांच्या टेबलावरचा मसुदा स्वतःकडे ओढला, पेन उघडलं आणि ती ओळ आडवी खोडली. रेघ इतकी दाबून, की मागच्या पानावर वळ उठला.

"कुणाच्या परवानगीने?" साहेबांनी विचारलं.

"तेलाच्या," ती म्हणाली, आणि खोडलेल्या ओळीखाली आपलं पूर्ण नाव लिहायला लागली.