हाताचं माप

आमच्या दादाला लोणच्याची बरणीसुद्धा सरळ उघडता येत नसे. आधी वारा कुठून येतोय ते बघायचं, मग हात लांब करून, तोंड फिरवून झाकण काढायचं. आई वैतागायची, "आरं, लोणचं हाय ते, बाँब नाय!" आम्ही पोट धरून हसायचो.

ही सवय त्याला गुजरातेतल्या तेलविहिरींवर लागली होती. विहिरीचं कच्चं तेल मोठ्या टाक्यांत साठवतात आणि तिथून पाइपलाइनवाल्यांना विकतात. विकण्याआधी माप व्हायला हवं. दादा लोखंडी शिडीने टाकीवर चढायचा, झाकण उघडून वजन लावलेली फीत तळापर्यंत सोडायचा आणि ती तेलाने कुठवर भिजली ते वाचायचा. झाकण उघडलं की विषारी वायू वर येतो, म्हणून वारा आडवा घेऊन उभं राहायचं, हा तिथला पहिला धडा.

सुट्टीत सिल्लोडला घरी जाण्याआधी तो माझ्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर उतरायचा. त्याच्या शर्टांना त्या वायूचा, नासक्या अंड्यासारखा वास यायचा. कितीही धुतले तरी तो जायचा नाही. माझी कुरकुर चालायची आणि तो पलंगावर पाय पसरून मला चिडवायचा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात मीटर तपासते. पाइपमधून गेलेलं तेल आपोआप मोजणारी मीटरं. सोबतचं दुसरं यंत्र तेलात पाणी किती तेही बघतं आणि जास्त असेल तर व्हॉल्व्ह फिरवून माल परत टाकीत पाठवतं. टाकीवर कुणी चढायची गरजच नाही. दादाच्या तेलक्षेत्राची मागणी आमच्याकडे आली, तेव्हा मला कोण आनंद झाला! मीच ते मीटर तपासलं, माझ्यासमोर त्याला सील लागलं.

"लवकर पाठव गं ते," दादा फोनवर म्हणाला. "गुडघे लई बोलायलेत. खाली पंख्याखाली बसून आकडे बघीन म्हणतो."

मीटर बसलं, पण दादा खाली बसला नाही. विकणारे आणि घेणारे, दोघांचाही नव्या यंत्रावर भरवसा नव्हता. आकडे जुळतात का ते बघायला काही दिवस हाताचं मापही सोबत चालू ठेवायचं ठरलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे ते बरोबरच होतं. मला आजही ते पटत नाही.

त्या दिवसांतल्या एका दुपारी वारा पडलेला होता. वायूपासून वाचायला घालतात त्या मास्कची काच घामाने धुरकट होते, फीत वाचता येत नाही, म्हणून तिथले सगळेच वाचायच्या वेळी तो खाली ओढत. दादानेही ओढला. शिडीखाली उभ्या असलेल्या सोबत्याने हाक मारली तेव्हा वरून ओ आली नाही.

दादाला शववाहिकेतून सिल्लोडला आणलं. आई मला एकच विचारत राहिली, "तुझं मशीन बसलं व्हतं ना गं? मग माझं लेकरू वर कशाला चढलं?" माझ्या मीटरचा खरेपणा तपासायला तो चढला होता, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तेच मीटर फेरतपासणीला परत आलं. नंबर मी ओळखला. तिकडून धुऊन पाठवतात, तरी आमच्याकडे मीटरच्या तोंडावरची टोपी काढताना बाजूला व्हायचा नियम आहे. मी टोपी काढली आणि आतून तोच वास आला, पुसटसा, दादाच्या शर्टांचा. "मॅडम, मागं व्हा," शेजारचा म्हणाला.

मी तोंड फिरवलं नाही. वास विरून जाईपर्यंत तिथंच वाकून उभी राहिले. मग मीटर तपासणीला लावलं. त्याचं माप अगदी बरोबर होतं.