माझ्या संशोधनाचा इतवारीतला प्रभाव

हसायचं तर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. शास्त्रज्ञ म्हणून माझं नाव नागपुरात कसं गाजलं ते मी सांगतोय. ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात लेक्चरर होतो आणि तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करत होतो. नागपुरात या विषयाला काय तोटा? सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्ऱ्याची पुडी बांधली, की अर्धं शहर ती गालात भरून दिवसभर गप्प! मी तोच खर्रा उंदरांच्या तोंडाला लावत होतो. उंदरांना कॅन्सर होत होता आणि मला लेक्चररच्या वरच्या, रीडरच्या जागेवर बढतीची स्वप्नं पडत होती.

बढतीला छापील लेख लागतात. माझे होते पाच. त्यातले चार आमच्या कॉलेजच्याच वार्षिकात, आणि त्याचा संपादक कोण? मीच! पण पाचवा थेट विलायतेच्या मासिकात छापून आला. मग काय विचारता! आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

आता अशा लेखाच्या शेवटी आभार मानायची रीत असते. सगळे आपल्या साहेबांचे मानतात, मीही मानले. पण प्रयोगाला खर्रा रोज सारखाच लागतो, आज कडक आणि उद्या सौम्य असं चालत नाही. तसा मला इतवारीच्या बाजारातल्या नामदेवरावांच्या पानठेल्यावर मिळे. म्हणून मी मोठ्या मनानं लिहिलं, 'उत्तम आणि एकसारख्या दर्जाचा ताजा खर्रा पुरवल्याबद्दल श्री. नामदेवराव, इतवारी, यांचे आभार.'

एवढ्यावर थांबावं की नाही? पण मिरवायची हौस दांडगी! लेखाची एक प्रत, वर सही ठोकून, मी स्वतः ठेल्यावर नेऊन दिली.

"यात माह्यं नाव कुठं आहे, साहेब?"

मी लाल रेघ मारून दाखवलं.

"काय लिवलं आहे जी?"

"तुमचा खर्रा उत्तम दर्जाचा, असं लिहिलंय."

नामदेवरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अन् बाकीच्या पानाईत?"

आता अशा माणसाला काय सांगणार, तुम्हीच बोला! "बाकी... उंदरांबद्दल आहे," मी म्हणालो.

महिन्याभरात ठेल्यावर पाटी लागली, 'विलायतच्या पुस्तकात छापलेला, मोठ्या डॉक्टरनं तपासलेला खर्रा.' खाली काचेच्या फ्रेममध्ये माझा लेख, वर झेंडूचा हार! गिऱ्हाइकांच्या गर्दीनं धान्याच्या हातगाड्या अडायला लागल्या. मला पत्ता लागला तो ओपीडीत. एक आजोबा गच्च भरलेलं तोंड कसंबसं उघडून म्हणाले, "आमी आता दुसऱ्याचा खर्रा खातच नाही साहेब. तुमचाच खातो!"

मी तडक इतवारी गाठली.

"नामदेवराव, काढा ते! अहो, त्यात लिहिलंय की खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो!"

"काहून मजाक करून राहिले साहेब? लाल लाइन तर तुमीच मारली."

"अहो, उंदरांना झाला ना!"

"मंग? उंदराईले कोणं सांगतलं होतं खर्रा खाले?"

सगळी गर्दी खदखदून हसली, आणि चौघांनी माझ्यादेखत पुड्या घेतल्या. लाज अशी वाटली, की विचारू नका.

त्यातच बढतीची मुलाखत आली. समोर मुंबईहून आलेले तज्ज्ञ, कर्करोगातले दादा माणूस. माझे लेख चाळत त्यांनी विचारलं, "तुमच्या कामाचा कुणी कुठे हवाला दिलाय का?"

"अजून नाही, सर."

"मग प्रभाव काय म्हणायचा तुमच्या संशोधनाचा?"

मी छाती पुढे काढली. "सर, इथल्या सामान्य माणसापर्यंत ते पोचलंय."

"ते पाहिलं मी," त्यांनी चष्मा काढला. "सकाळी बायकोला साडी घ्यायला इतवारीत गेलो होतो. इतकी वर्षं मी लिहितोय, पण माझ्या लेखाला अजून कुणी हार घातला नाही!"

जागा मिळाली नाही, हे सांगायलाच नको. पण माणूस दिलदार हो! पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः नागपूरच्या खर्ऱ्यावर लेख लिहिला आणि त्यात माझ्या लेखाचा हवाला दिला. माझ्या आयुष्यातला पहिला हवाला, आणि तोही एवढ्या मोठ्या माणसाकडून! बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर ते पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

'इतवारी भागात अलीकडे खर्रा खाणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आहे. कारणासाठी पाहा,' आणि पुढे माझं नाव!