मालक गप्प राहिला तर

रोमन लॉ शिकलेले आम्ही चौघे भेटलो की तेच किस्से नव्याने निघतात. वकिली कोणाचीच फारशी चालली नाही, किस्से मात्र वाढत गेले.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. धुळ्यात सकाळी सातला लॉचे तास असत. सरांनी सांगितलं, रोममध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलाचं स्वतःचं काही नसे, मग मुलगा पन्नाशीचा का असेना. मागच्या बाकावर जामनेरचा महाजन, दोन लेकरांचा बाप. तो शांतपणे म्हणाला, “सर, जामनेरला हे अजून चालू आहे.”

मुलाने सैन्यात कमावलेलं मात्र त्याचंच, असं पुढच्या तासाला कळलं. महाजनने ते घरी ऐकवून स्वतःची मोटारसायकल मागितली. वडिलांनी त्याला भरतीच्या ऑफिसचा पत्ता दिला!

मग गुलामांचा धडा आला. मालक गुलामाला एखादं जनावर देई. म्हणायला त्याचं, कायद्याने मालकाचं. सर म्हणाले, असा माणूस आता कुठे दिसणार? आम्ही माना डोलावल्या. चौघांच्याही घरी वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार होते.

यापुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. दोंडाईच्याजवळ आमचं गाव. धुडकू आमच्याकडे नऊ वर्षं सालदार. आई मेलेली एक वासरी माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला दिली होती, जगली तर तुझी म्हणून. त्याने आणि त्याच्या बायकोने ती बोट चोखायला देऊन दूध पाजत जगवली. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं वर्ष संपलं आणि धुडकू काम सोडून सासुरवाडीला निघाला. वासरीची तोवर गाभण गाय झाली होती.

आबांनी मला विचारलं, तुझा कायदा काय म्हणतो. मला विद्या पाजळायची भारी हौस. रोमचा नियम ऐकवला, “माणूस सोडताना मालक गप्प राहिला तर जनावर त्याच्याबरोबर जातं. ठेवायचं तर स्पष्ट बोलावं लागतं.”

आबा ओट्यावर आले आणि स्पष्ट बोलले, “गाय आठेच राही.”

हा कायदा इथे लागू नाही, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. त्याची लाज आजही वाटते.

धुडकूने गाय खुंट्याला बांधली, मग तिच्या गळ्यातली दोरी हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, हाई दोरी मीच वळेल शे. हाई कोनी शे, मनी का आबानी?”